दोष असल्यास नोंदवा

पेटी आली म्हणून लगेच उघडायची नसते.
चोवीस तास तशीच पडू द्यायची,
लांबून आलेल्या पाहुण्याला झोपू देतात तशी,
तिच्या पोटातली बोहेमियाची थंडी
शारजाच्या ऑगस्टला थोडी सरावेपर्यंत.
घाई केली तर काचेला घाम येतो,
कागद फुगतो,
मग मारिसेलही आमच्यावर फुगते.

तोवर मी स्क्रू बघतो.
तिकडचा कोणी सुतार आहे,
प्रत्येक स्क्रूची खाच त्याने उभीच ठेवलीय.
हे कुणी सांगत नाही, पगारात धरत नाही.
मीही तसंच करतो. अजून कुणी विचारलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी गुलझरीन आणि मी झाकण उचलतो.
वरती राडिम कोसात्काचे छापे:
तांब्यावर तेजाबानं खाल्लेलं एक गाव,
धुराडी, कुत्रं, एक बंद शाळा,
आणि बर्फ म्हणजे नुसता न छापलेला कागद.
गुलझरीन म्हणतो, बर्फ याला फुकटात पडला.
मग तारेची विणलेली लेस, भिंतभर,
उलगडताना आमच्या सावल्यांना भोकं पडली.
मग यिर्झिनाच्या कठपुतळ्या.
राजाचे दोरे सैतानाच्या दोऱ्यांत गुंतलेले,
सोडवण्यात पाऊण तास गेला.
राजा हातात घेतला तर एवढा हलका
की वाटलं, हे पांगाऱ्याचंच कुणी भावंड.
बाप सावंतवाडीत पांगाऱ्याची केळी करायचा, आंबे करायचा,
फिरत्या लाकडावर लाख धरायचा
आणि मी उलट्या अंगठ्यानं ती पुसून चकाकी आणायचो.
असो.

तळाला, सगळ्यात जड, क्वेता ब्राब्लेत्सोवा.
ओतीव काचेचा उंबरठा.
चार माणसांनी उचलायचा असा,
पावसाळी डबक्याच्या रंगाचा, मधोमध झिजलेला.
घर नाही, दार नाही, नुसता उंबरठा.
आम्ही दोघंही त्याला वळसा घालून गेलो,
ओलांडला नाही.

फॉर्मवर रकाने असतात: तडा. टवका. ओरखडा.
मी लिहिलं, बुडबुडे चौदा, मूळचे.
उजव्या टोकाला, बोटाचा ठसा एक.
स्पिरिट लावून पुसला. जाईना.
पुन्हा पुसला.
मारिसेलनं दिवा तिरपा धरला आणि विचारलं,
हातमोजे कुठे होते?
मी म्हटलं, बाई, हा माझा नसणारच.
फाटकावरच्या मशीनला विचारा.
रोज सकाळी ते मला चारदा सांगतं, पुन्हा प्रयत्न करा.
पाचव्यांदा वॉचमन वहीत सही घेतो.
लाख, पॉलिशपेपर, एकवीस वर्षांची प्लायवूड,
माझा अंगठा कुठेच उठत नाही.
ती हसली नाही. विमा तिच्या नावावर होता.

गुरुवारी क्वेता स्वतः आली.
अठ्ठ्याहत्तरची, सँडलमध्ये मोजे, हातात काठी.
ठसा दाखवला तर तिनं चष्मा काढला
आणि आपला अंगठा त्यावर ठेवला.
बसला नाही. तो ठसा मोठा होता.
ओताकारचा, म्हणाली.
माती ओली असताना त्यानं उचलून धरलं होतं.
मातीतून साच्यात गेला, साच्यातून काचेत.
एवढी काच निवायला नऊ आठवडे लागतात,
घाई केली तर तडकते.
सहाव्या आठवड्यात तो गेला.
भट्टी आपली निवत राहिली.

गुलझरीननं एसीचा आवाज कमी केला, का ते माहीत नाही.
मी फॉर्म पुढे ओढला.
दोष खोडला. शेजारी काय लिहायचं?
त्यासाठी रकाना नव्हता.
मारिसेल म्हणाली, तसंच राहू दे.

नोव्हेंबरात सगळं परत बांधलं.
उंबरठ्यासाठी नवी पेटी मीच केली,
आत जाड फेस, खाचा सगळ्या उभ्या.
झाकणाच्या आतल्या बाजूला सरस ओला होता,
तिथं अंगठा दाबून धरला, मनात शंभर मोजले.
उचलला.
एक गुळगुळीत गोल राहिला,
कुणीतरी तेवढंच पुसून घेतल्यासारखा.